किमचीतला जवळा आणि मंगळवारचा बंद दरवाजा

दक्षिण कोरियाला पहिल्यांदाच निघालेल्या वाचकांची बरीच पत्रं साठली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत. रकमा वॉनमध्ये आहेत. हजार वॉनला साधारण साठ रुपये असा हिशेब धरावा.

प्रश्न: मुलांच्या शाळेमुळे आम्हाला मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी एवढेच पर्याय आहेत. कोणता निवडावा? शिवाय जेजू बेटाला व्हिसा लागत नाही असं ऐकलं. तिथेच उतरून पुढे सोलला जाता येईल का? (एक वाचक, नाशिक)

दोन्ही काळ चांगले. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरअखेरीस आली तर सोलमध्ये पानांचे रंग ऐन बहरात असतात, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दक्षिणेकडेही रंग उतरतात. सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतो, एवढंच. मे महिन्यात हवा सुखद असते आणि बुद्धजयंतीच्या आसपास देवळांवर कागदी कंदिलांच्या माळा चढलेल्या असतात. फक्त ५ मे हा तिथला बालदिन. त्या दिवशी सुट्टी असते आणि मुलांच्या सगळ्या जागा तुडुंब भरतात. जूनअखेर ते जुलैअखेर तिथला पावसाळा, तो टाळावा.

एका सणाची तारीख मात्र तिकीट काढण्याआधी बघाच. छुसोक हा चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेचा सण, म्हणजे आपल्या भाद्रपद किंवा अश्विन पौर्णिमेच्या सुमाराला येतो. तीन दिवस सगळा देश गावी जातो. रेल्वेची तिकिटं कधीच संपलेली असतात, घरगुती खाणावळी बंद असतात. राजवाडे उघडे असतात, पण पहिल्याच प्रवासात शहराबाहेर जायचा बेत त्या दिवसांत आखू नये.

आता जेजू. व्हिसाशिवायची सवलत परदेशातून थेट जेजूच्या विमानतळावर उतरणाऱ्यांनाच आहे, आणि त्यावर मुख्य भूमीवर पाऊल ठेवता येत नाही. मुंबईहून निघणारे बहुतेक प्रवासी सोलमार्गेच जेजूला जातात. तिथे इंचनला उतरून गिम्पो विमानतळावर जावं लागतं, म्हणजे तुम्ही देशात शिरता आणि व्हिसा लागतोच. तेव्हा रीतसर पर्यटक व्हिसा घ्या. महाराष्ट्रातल्यांसाठी मुंबईतली कोरियन वकिलात आहे. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. त्यामुळे 'लवकर काढून ठेवू' म्हणून सहा महिने आधी अर्ज केला तर तो वाया जातो. दीड-दोन महिने आधी अर्ज करणं बरं. अर्ज अडकतो तो बहुधा बँकेच्या उताऱ्यावर: आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम जमा दिसली की शंका घेतली जाते. सहा महिन्यांचा नियमित व्यवहार आणि आयकर विवरणपत्रं नीट जोडा. प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही.

प्रश्न: आम्ही घरात अंडंही खात नाही, सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य करतात. आठ दिवस कसे निघतील? किमची तर भाजीचीच असते ना? (एक वाचक, सांगली)

किमची कोबीची किंवा मुळ्याची असते हे खरं, पण ती आंबवताना खारवलेला जवळा किंवा माशाचा अर्क घालण्याची रीत आहे. म्हणजे हॉटेलात आपोआप पुढ्यात येणारी किमची शाकाहारी नाही असंच धरून चाला. खरी अडचण मांस ओळखण्याची नाही, ते दिसतं. अडचण रस्स्याची आहे. सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टचा रस्सा, गरम शेवयांचं सूप, रस्त्यावर मिळणारी तांदळाच्या पिठाच्या कांड्यांची तांबडीलाल तोकबोक्की, या सगळ्यांच्या तळाशी मांदेलीच्या जातीतल्या सुक्या माशांचं पाणी असतं. वरून फक्त टोफू आणि भोपळा दिसतो. शिवाय तोकबोक्कीत मासळीच्या पिठाच्या पट्ट्या असतात, आणि तिथले बरेच लोक त्यांना 'मांस' समजत नाहीत. म्हणून 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही.

काय सांगायचं ते नेमकं सांगा. गोगी म्हणजे मांस, सेंगसन मासे, हेमुल समुद्रातलं सगळं, हेम म्हणजे हॅम, ग्येरान अंडं, युकसू म्हणजे मांस-मासळीचं उकळलेलं पाणी. या शब्दांनंतर 'प्पेजुसेयो' म्हटलं की 'काढून द्या' असा अर्थ होतो. बोलण्यापेक्षा पापागो या भाषांतराच्या ॲपमध्ये हे वाक्य कोरियनमध्ये तयार करून त्याचा फोटो मोबाइलात ठेवणं जास्त उपयोगी. मागणी नोंदवण्याआधीच दाखवा. ताट आल्यावर दाखवलं तर वरचं मांस चमच्याने बाजूला काढून तेच ताट परत येण्याचा संभव असतो.

बिबिम्बाप हा भाज्या मांडलेला भात सगळ्यांत सोपा. त्यातही दोन गोष्टी लपतात: वरचं अंडं, आणि तिखट लाल पेस्ट. साधी गोछुजांग मिरची-तांदूळ-सोयाबीनची असते, पण काही ठिकाणी ती गोमांसाच्या खिम्यात परतलेली असते. ती वेगळ्या वाटीत मागा आणि त्यात खिम्याचे कण आहेत का ते बघा. नसेल खात्री तर सोया सॉस आणि तिळाच्या तेलावर भागवा. भाज्यांनाही कधी माशाचा अर्क लावलेला असतो, तो मात्र विचारूनच कळतो. डोंगरातल्या देवळांच्या पायथ्याशी रानभाज्यांचा सान्छे बिबिम्बाप मिळतो, तो सहसा अधिक निर्धास्त. गिम्बाप म्हणजे समुद्रशैवालात गुंडाळलेला भात. त्यात हॅम, अंडं, खेकड्याच्या चवीची मासळीची कांडी, यांपैकी काहीतरी असतंच. लाल भोपळ्याची पेज, म्हणजे होबाकजुक, आणि भाजलेली रताळी यांवर पोट भरतं. उन्हाळ्यात गेलात तर सोयाबीनच्या थंडगार दुधातल्या शेवया, कोंगगुकसू, जरूर मागा. मीठ वरून घालायचं असतं. पाकीटबंद पदार्थांवर आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो. नूडल्सच्या बहुतेक पाकिटांतल्या मसाल्यात गोमांसाचा अर्क असतो, भारतात मिळणाऱ्या त्याच नावाच्या पाकिटावरून अंदाज बांधू नका.

सासूबाईंसाठी मात्र आनंदाची बातमी आहे. कोरियातल्या बौद्ध मठांचं जेवण पूर्ण शाकाहारी असतं आणि त्यात कांदा, लसूण, पात अशा पाच उग्र भाज्या वर्ज्य असतात. कारणही आपल्याकडच्यासारखंच: चित्त चाळवतं. सोलमध्ये जोग्येसा या देवळासमोर जोग्ये पंथाचं बालू गोंग्यांग हे उपाहारगृह आहे, तिथे हे जेवण पंक्तीसारखं एकामागून एक पदार्थ वाढत देतात. महाग आहे आणि जागा आधी राखावी लागते, पण एकदा घ्यावंच. बाकीच्या दिवसांसाठी कोपऱ्यावरच्या दुकानांत शिजलेल्या भाताचे डबे मिळतात, दुकानातल्याच मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होतात. त्यावर घरचं मेतकूट आणि लोणचं.

प्रश्न: मग गोडा मसाला, फराळ, औषधं बरोबर नेली तर चालतील का? (एक वाचक, ठाणे)

खसखस नेऊ नका. कोरियात अफूच्या कायद्याखाली खसखशीवर बंदी आहे आणि खसखस असलेला मसालाही विमानतळावर जप्त होतो. म्हणजे गोडा मसाला, अनारसे आणि खसखस घातलेल्या करंज्या घरीच ठेवायच्या. चिवडा, शंकरपाळे, पुऱ्या न्या. ताजी फळं, कढीपत्ता, बी-बियाणं, मांसाचे पदार्थ सामानात नकोतच. भांगेचा अंश असलेलं कुठलंही आयुर्वेदिक चूर्ण किंवा तेल असेल तर ते गंभीर प्रकरण होतं.

औषधांत झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांची काळजी घ्या. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या तिथे नियंत्रित यादीत आहेत आणि त्यासाठी तिथल्या अन्न व औषध सुरक्षा मंत्रालयाची आधी परवानगी लागते. कोडीनचं खोकल्याचं औषध तर टाळाच. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांना अडचण नाही. मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. आठवड्याच्या डबीत सुट्या करून नेण्याची आपली सवय इथे त्रासाची ठरते.

प्रश्न: गूगल मॅप तिथे चालत नाही म्हणतात. मेट्रोचं कार्ड कुठून घ्यायचं? (एक वाचक, पुणे)

सविस्तर नकाशे देशाबाहेर नेण्यावर कोरियन सरकारने वर्षानुवर्षं निर्बंध ठेवल्यामुळे गूगल तिथे चालत जायचा रस्ता नीट दाखवत नाही. नेव्हर मॅप घ्या, इंग्रजीत चालतो. त्यात रस्त्याच्या नावापेक्षा मेट्रो स्थानकाच्या दाराचा क्रमांक बघायची सवय लावा, कारण एकेका स्थानकाला आठ-दहा दारं असतात आणि चुकीच्या दारातून वर आलात तर आठ पदरी रस्ता आडवा येतो. ग्योंगबोकगुंग स्थानकाचं ५ क्रमांकाचं दार थेट राजवाड्याच्या आवारात उघडतं. आनगुक स्थानकाच्या ३ क्रमांकाने छांगदोकगुंग हा दुसरा राजवाडा, ६ क्रमांकाने इन्सादोंगची बाजारपेठ.

टी-मनी कार्ड विमानतळावरच्या किंवा रस्त्यावरच्या सीयू, जीएस२५ या साखळ्यांच्या कुठल्याही दुकानात मिळतं. कार्डाचे पैसे परत मिळत नाहीत. त्यात पैसे भरायला बहुतेक ठिकाणी रोख लागते, आणि आपल्या लोकांची इथेच धांदल उडते, कारण सगळा देश कार्डावर चालतो म्हणून कोणी रोख आणलेली नसते. पन्नास हजार वॉन तरी खिशात ठेवा. माणशी एक कार्ड. सोल मेट्रोचं मूळ भाडं १,५५० वॉन, बसचं १,५००. उतरल्यापासून तीस मिनिटांत दुसरी बस किंवा मेट्रो पकडली तर नवं भाडं लागत नाही, अंतराचे थोडे वाढीव पैसे कापले जातात. ही सवलत चार बदलांपर्यंत आहे. मात्र त्यासाठी बसमधून उतरतानाही कार्ड टेकवावं लागतं. विसरलात तर सवलत गेलीच. चुकीच्या दिशेच्या फलाटावर शिरलात तर घाबरू नका. सोलच्या बहुतेक मार्गांवर पंधरा मिनिटांत त्याच स्थानकातून बाहेर पडून पलीकडून शिरलं तर दुसऱ्यांदा पैसे जात नाहीत.

विमानतळावरून सोल स्थानकापर्यंतची थेट गाडी पहिल्या टर्मिनलवरून ४३ मिनिटं घेते. सगळीकडे थांबणारी साधी गाडी जेमतेम पंधरा मिनिटं जास्त घेते आणि भाडं निम्म्याहून कमी. चौघांचं कुटुंब असेल तर साधीच घ्या. डब्याच्या टोकाच्या जागा वृद्धांच्या आणि गुलाबी जागा गरोदर बायकांच्या. गाडी रिकामी असली तरी त्यावर बसायचं नाही.

प्रश्न: हानबोक घालून राजवाडा बघायचा आहे. दोन मुली, एक आई. दिवस कसा आखावा? (एक वाचक, नागपूर)

आधी वार बघा. ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद, छांगदोकगुंग सोमवारी बंद. दोन्ही एकाच दिवशी करायचे तर बुधवार ते रविवार. जमल्यास शनिवार-रविवारही सोडा.

हानबोक, म्हणजे कोरियाचा पारंपरिक पोशाख, भाड्याने देणारी दुकानं दोन्ही राजवाड्यांच्या आसपास ओळीने आहेत. साधा पोशाख दोन ते चार तासांसाठी पंधरा ते तीस हजार वॉन, जरीकाम आणि केशभूषेचे वेगळे. दोन तास पुरत नाहीत: निवडण्यात आणि केस बांधण्यात अर्धा-पाऊण तास जातो. साडेआठ-नऊला दुकान गाठलं तर ग्योंगबोकगुंगच्या ग्वांगह्वामुन दारापाशी दहाच्या पहारा बदलाला पोचता येतं. तो दुपारी दोनलाही असतो. हानबोक असला की राजवाड्याचं ३,००० वॉनचं तिकीट माफ होतं, पण वरची जोगोरी आणि खालचा घागरा किंवा पायजमा दोन्ही हवेत. जीन्सवर नुसती जोगोरी चालत नाही. घाघऱ्याखाली तारेचा फुगा देतात. त्याने फोटो छान येतात, पण पायऱ्या चढताना पुढून उचलून धरावा लागतो. आवारात खडबडीत ग्रॅनाइट आणि वाळू आहे, तेव्हा खाली सपाट बूट घाला. कोणाला दिसत नाहीत.

ग्योंगबोकगुंग १३९५ सालचा म्हणून सांगतात, पण १५९२ च्या जपानी स्वारीत तो जळाला आणि पावणेतीनशे वर्षं पडीकच होता. आज दिसतं ते १८६० च्या दशकातलं आणि अलीकडचं पुनर्बांधणीचं काम. जुनेपणाची ओढ असेल तर छांगदोकगुंग अधिक भावेल, आमचं मत विचाराल तर एकच राजवाडा बघायचा असेल तर हाच. त्याच्या मागचं राजउद्यान, हुवॉन, मार्गदर्शकाबरोबर बघायचं असतं. त्याचे ५,००० वॉन वेगळे, हानबोक असला तरी. ऑनलाइन जागा सहा दिवस आधी कोरियन वेळेनुसार सकाळी दहाला खुल्या होतात, म्हणजे आपले साडेसहा. वसंतात आणि पानगळीत त्या बघता बघता संपतात. फेरी तासा-सव्वातासाची, चढ-उताराची आहे. घेराच्या घाघऱ्यात ती करू नका, आधी कपडे परत करा.

जवळच्या बुकछोन या जुन्या घरांच्या वस्तीत लोक खरोखर राहतात. तिथल्या मुख्य गल्लीत पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच मुभा आहे, नंतर सापडलात तर एक लाख वॉन दंड.

प्रश्न: आम्ही दोघं पासष्टीचे. मठात एक रात्र राहायची इच्छा आहे, पण गुडघ्यांचं काय? (एक वाचक, कोल्हापूर)

'टेंपल स्टे' ही सोय २००२ च्या विश्वचषक फुटबॉलच्या वेळी सुरू झाली आणि आता देशभरातल्या अनेक मठांत आहे. नोंदणी करताना दोन प्रकार दिसतील. अनुभवाच्या प्रकारात १०८ साष्टांग नमस्कार, ध्यान, जपमाळ ओवणं असा भरगच्च कार्यक्रम असतो. विश्रांतीच्या प्रकारात जेवण आणि प्रार्थनेची वेळ तेवढी पाळायची, बाकी वेळ तुमचा. तुम्ही दुसरा घ्या. नमस्कारांना बसून हात जोडले तरी कोणी काही म्हणत नाही, पण गुडघ्याचं आधीच कळवा. अवघड असते ती झोप: खाली ऊब देणारी जमीन आणि पातळ गादी. उठताना आधार लागत असेल तर पलंग असलेली खोली आहे का विचारून मगच पैसे भरा. खोलीची जमीन चांगलीच तापते, त्यावर औषधं किंवा चॉकलेट ठेवू नका.

संध्याकाळचं जेवण साडेपाचच्या आसपास, नऊला दिवे बंद, पहाटे चार-साडेचारला घंटा. वरून घालायचे सैल कपडे मठ देतो. मोजे, टॉवेल, दात घासायचं सामान आपलं. प्रार्थनागृहात मधल्या दाराने जायचं नाही, ते भिक्षूंचं. बाजूच्या दाराने शिरायचं. पानात घेतलेलं सगळं संपवायचं असतं. चार वाडग्यांचं पारंपरिक जेवण असेल तर शेवटी मुळ्याच्या फोडीने वाडगं पुसून ते पाणीही प्यायचं असतं. पहिल्यांदा वाढून घेताना कमीच घ्या.

मठ निवडायचा तर हेइन्सा. तेराव्या शतकात कोरलेले त्रिपिटकाचे ऐंशी हजारांहून अधिक लाकडी ठसे तिथे आजही आहेत, आणि ते टिकले ते वारा खेळता ठेवणाऱ्या जाळीदार खिडक्यांमुळे.

प्रश्न: अयोध्येची राजकन्या कोरियाची राणी झाली म्हणतात. ती जागा बघता येते का? (एक वाचक, गोवा)

येते. बुसानजवळच्या गिम्हे शहरात राजा सुरो आणि राणी ह ह्वांगओक यांच्या समाध्या आहेत. तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या ग्रंथात ती इसवी सन ४८ मध्ये 'आयुता' देशाहून जहाजाने आली असं लिहिलं आहे. आयुता म्हणजे अयोध्याच का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. दंतकथा म्हणून बघा, मजा येते. बुसान मेट्रोच्या २ क्रमांकाच्या मार्गावर सासांगला उतरून हलकी रेल्वे घ्या, राजाच्या समाधीच्या नावाचंच स्थानक आहे. राणीची समाधी तिथून थोडी दूर, टेकडीच्या उतारावर. शेजारी 'पासा' दगडांचा छोटा स्तूप आहे, जहाज डोलू नये म्हणून तिने ते दगड आणले अशी कथा. सोमवारी तिथलं संग्रहालय बंद असतं.

गिम्हेला जाताच आहात तर ग्योंगजूला एक मुक्काम करा. सिल्ला राज्याची ती राजधानी. जलदगती रेल्वेचं स्थानक गावापासून लांब आहे, बसने अर्धा तास धरा. बुलगुकसा मठ बघून वर सोक्गुराम या गुहामंदिराला जायला १२ क्रमांकाची बस, ती तासाला एकच, परतीची वेळ आधी बघून ठेवा. अजिंठा-वेरूळ बघितलेल्या मराठी माणसाने सोक्गुराम चुकवू नये. आपल्याकडे बेसॉल्टचा डोंगर कोरत गेले. तिथला ग्रॅनाइट तसा कोरला जात नाही, म्हणून आठव्या शतकात घडीव दगड जुळवून घुमट रचला आणि वरून माती टाकून डोंगर केला. जपानी राजवटीत दुरुस्तीसाठी सिमेंट ओतलं आणि आत ओल धरू लागली. म्हणून आज बुद्धमूर्ती काचेआडून बघावी लागते आणि फोटो काढू देत नाहीत. दर्शनाला दोन-चार मिनिटं मिळतात. गर्दी नको असेल तर पहिली बस पकडा.

थोडक्यात

*सार्वजनिक न्हाणीघरात, जिमजिलबांगमध्ये, खरंच कपडे काढावे लागतात का?* पाण्याच्या भागात हो, पोहण्याचे कपडेही चालत नाहीत. पण बायका-पुरुष पूर्ण वेगळे असतात. कुंडात उतरण्याआधी साबणाने अंघोळ आणि केस बांधणं सक्तीचं. लाज वाटत असेल तर तिथले सुती कपडे घालून नुसत्या गरम खोल्यांत बसा, तो भाग सगळ्यांचा एकत्र असतो.

*एकटी जाते आहे. हॉटेलात काही अडचण?* भाजून खायचे पदार्थ आणि मोठे रस्से बहुधा किमान दोघांचे मागवावे लागतात. वाडग्यातल्या भाताच्या आणि शेवयांच्या जागा बघा. चमचे-काड्या टेबलाच्या खणात असतात, पाणी आपलं आपण घ्यायचं, बक्षिशी द्यायची नाही.

*ज्येष्ठांबरोबर जेवताना?* त्यांनी चमचा उचलल्यावर आपण. देता-घेताना दोन्ही हात. भातात काड्या उभ्या खोचू नका, ते श्राद्धाचं लक्षण.

*चार्जर चालेल का?* दोन गोल पिनांचा बहुधा बसतो, तीन पिनांचा बसत नाही.

*अडलं तर?* १३३० हा पर्यटकांसाठीचा दूरध्वनी, इंग्रजीत बोलतात. पोलीस ११२, रुग्णवाहिका ११९.